खेळण्यास असमर्थ

हॉकीत पेनल्टी कॉर्नरचा फटका अंगावर घ्यायला सगळ्यांत आधी धावायची ती किशोरी. उरणच्या खाडीकाठची, पनवेलच्या बाजारात मासळी विकणाऱ्या गंगाबाईची मुलगी. २००८ साली बचावफळीतली फुलबॅक म्हणून भारताच्या संघातून परदेशी गेली तेव्हा एकवीस वर्षांची होती. अकरा सामने खेळली. शेवटच्या सामन्यात चेंडू गुडघ्यावर बसला. लंगडत उठली आणि पुढचा कॉर्नरही तिनेच अडवला.

परतल्यावर खेळाडू कोट्यातून पनवेलच्या एका महामंडळात तिला नोकरी लागली. घरातली ही पहिलीच कायमची नोकरी. गंगाबाईने त्या दिवशी गिऱ्हाइकांना कोळंबी कमी आणि लेकीचं कौतुक जास्त दिलं. नियुक्तिपत्रात एक अट होती: बाहेर कुठेही खेळायचं तर कार्यालयाचं ना हरकत पत्र हवं. तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

दोन वर्षांनी राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं. क्रीडा विभाग बघणारे चारुदत्त साहेब तसे वाईट नव्हते. तिचा खेळ बघायला ते भर उन्हात उभे राहत.

"अभिनंदन, किशोरी. पण त्याच तारखांना आपली आंतरविभागीय स्पर्धा आहे. तुझ्याशिवाय बचाव कोण सांभाळणार? पुढच्या वेळी नक्की."

पुढच्या वर्षीही स्पर्धा होतीच. करंडक कार्यालयाच्या कपाटात आला, किशोरीच्या गळ्यात हार पडला आणि शिबिर तिच्याविना पार पडलं. त्यानंतर बोलावणंच आलं नाही.

"आये, सोडते मी ही नोकरी," ती एकदा घरी म्हणाली.

गंगाबाईचा हात कोयतीवरच थांबला. "बाबाची होडी खाडीत जात नाय आता. भराव टाकलाय सगला. तू सोडलीस तर आमी काय करायचं, सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला किशोरी आवक-जावक विभागातल्या आपल्या खुर्चीत हजर झाली. लोकांची पत्रं यायची, ती शिक्का मारायची.

२०१३ मध्ये पुण्यात खुली निवड चाचणी जाहीर झाली. आस्थापना विभागातल्या कुमुदताईंनी वाट सुचवली. "खेळाडूंच्या यादीतून नाव काढून घे. मग तू साधी कारकून. हक्काची रजा टाकून कुठेही जा, कोण विचारतंय? गुडघ्याचं प्रमाणपत्र तर तुझ्याकडे आहेच."

किशोरीने अर्ज लिहिला: दुखापतीमुळे मी खेळण्यास असमर्थ आहे. असमर्थ हा शब्द लिहिताना तिचं पेन अडखळलं. पण सुटायला दुसरं दारच नव्हतं. तिने सही केली.

पुण्याला ती दोन दिवस जीव ओतून खेळली. आपल्याहून सात-आठ वर्षांनी लहान मुलींच्या स्टिकवरून चेंडू काढून घेतले. निवड समितीतल्या एका बाईंनी पाठीवर हात ठेवला. "इतकी वर्षं होतीस कुठे?"

यादी लागायच्या आदल्या दिवशी त्याच बाईंचा फोन आला. आवाज पडलेला होता. हॉकी संघटनेने नेहमीप्रमाणे तिच्या कार्यालयाकडे माहिती मागवली होती आणि कार्यालयाने तिचाच असमर्थतेचा अर्ज पाठवला होता.

किशोरी धावतच चारुदत्त साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, मी खेळू शकते. तुम्ही फक्त एक पत्र द्या."

साहेबांनी फाइल तिच्यासमोर सरकवली. "सही तुझीच आहे ना? आता तू खेळू शकतेस असं मी लिहिलं, तर तू कार्यालयाला खोटं लिहून दिलंस असं होईल. नोकरी जाईल, किशोरी." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि तिला तेच सहन होईना. कोणी दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं.

ती जागेवर परत आली. टेबलावर टपालाचा नवा गठ्ठा येऊन पडला होता.

त्यानंतर कार्यालयाच्या संघातही तिला जागा उरली नाही. दोन वर्षं तिने स्टिक हातात धरली नाही. मग कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे आत्याला भेटायला गेली असताना ट्रक टर्मिनलमागच्या मोकळ्या जागेत पंजाबी ड्रायव्हर हॉकी खेळताना दिसले. ती कडेला उभी राहिली. अर्ध्या तासाने त्यांचा एक गडी दमून बाहेर बसला, तेव्हा तिने त्याची स्टिक मागितली.

पहिलाच जोरदार फटका तिने गोलासमोर अडवला. पांढऱ्या दाढीचा एक ड्रायव्हर बघतच राहिला. "बहनजी, कौनसी टीम की हो?"

"किसी की नहीं," किशोरी म्हणाली आणि चेंडू पुढे ढकलला.

आता दर रविवारी ती तिथे जाते. आईला सांगते, आत्याकडे चालले. कार्यालयात तर ती कोणालाच सांगत नाही. कागदावर ती अजून असमर्थच आहे.