राऊळभाऊंचे पिवळे बूट

राऊळभाऊ त्या दिवशी हरवले होते की नव्हते, यावर आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दोन मतं आहेत, आणि दोन्ही माझीच आहेत.

दत्ताराम राऊळ आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वडील गिरणीत, हे भांडुपच्या एका कारखान्यात फिटर, मूळ गाव कुडाळजवळ. निवृत्त झाल्यावर लोक बागेत बाकड्यावर बसून सरकार चालवतात, यांनी धावायला सुरुवात केली. नऊ वर्षं, रोज दहा किलोमीटर. बायको वनमाला गेली त्या आठवड्यातसुद्धा एक दिवस चुकवला नाही. मला त्याचा इतका राग आला की महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग कळलं, हा माणूस धावताना रडून घेत होता. घरात रडायला त्याला जमत नव्हतं.

गेल्या दिवाळीत ते धावायला गेले आणि परतलेच नाहीत. चार तासांनी ऐरोलीच्या पुलावर सापडले. "आपली गल्लीच मिळाली नाय," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी विसराळूपणाची सुरुवात असू शकते म्हटलं, नसूही शकते म्हटलं, आणि फी घेतली. लेक श्रुतिका मात्र हादरली. तिने बापाचे पिवळे बूट कपाटात घालून कुलूप लावलं. दोन महिने घरात अबोला. शेवटी मी मध्ये पडले आणि तह झाला. वसईला, किल्ल्याच्या आसपास जिथे मराठे आणि पोर्तुगीज लढले, तिथे एकवीस किलोमीटरची दौड होती. भाऊंनी ती एकट्याने, वाट न चुकता पुरी केली तर बूट त्यांचे. नाहीतर यापुढे सोबतीशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. साक्षीदार म्हणून मला नेलं. धावण्याशी माझा संबंध दूध उतू जाण्यापुरता.

सकाळी सहाला भाऊ सुटले. बुटाच्या नाडीत आयोजकांनी एक चिप अडकवून दिली होती. रस्त्यात दर पाच किलोमीटरवर पट्टी टाकलेली. तिच्यावर पाय पडला की श्रुतिकाच्या फोनवर आकडा यायचा. पाच आला. दहा आला. पंधरा येईचना.

"मावशी, वाट लागली," श्रुतिका म्हणाली. "एक तास झाला. दहाच दाखवतंय."

"अगं, नेटवर्क नसेल."

"बाकीच्यांचं येतंय ना!"

मी आयोजकांच्या टेबलावर जाऊन आवाज चढवला. तिथल्या मुलीने बिनतारी फोनवर चौकशी केली आणि गोड हसून सांगितलं की काका दहा आणि पंधराच्या मध्ये कुठेतरी आहेत. ते तर आम्हालाही दिसत होतं. श्रुतिका नखं खात होती. तिला या तहात आणलं मीच, म्हणून मला तिच्याकडे बघवेना.

पावणेदहाला भाऊ आले. बरोबर दिशेने, घामाने निथळत, हसत. शेवटची रेघ ओलांडली. फोन गप्प. पडद्यावर त्यांच्या नावापुढे 'अपूर्ण'. मग माझं लक्ष खाली गेलं. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत मातीने माखलेले.

"बाबा, बूट कुठायत?"

"बूट? खंयचे बूट?" भाऊंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "थंय वीरांच्या शिळेकडे काढलंय. पायताण घालून कोण देवाक गार्‍हाणा घालता?"

"आणि परत घातले का नाहीत? विसरलात ना?"

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ते म्हणाले, "गे, पुढे सगळ्याच माळार लढाईत माणसा पडली मा? तेंच्यावरसून बूट घालून कसो धावतलंय?"

श्रुतिकाने माझ्याकडे पाहिलं. उत्तर इतकं चोख होतं की मला तेव्हाच संशय आला, हे आत्ता सुचलंय. आणि लगेच स्वतःची लाजही वाटली, कारण ते खरंही असेल. चिप बुटाबरोबर मागे राहिली, तेव्हा दहानंतर हा माणूस कुठून गेला, अकरा किलोमीटर धावला की कोणाच्या स्कूटरवर बसून आला, हे सांगणारं कोणी नव्हतं. "माका नीट आठवता," भाऊ म्हणाले. मग थोड्या वेळाने, "म्हणजे, बराचसा आठवता."

बूट आणायला आम्ही तिघं रिक्षाने गेलो. रिक्षावाल्याने कुठल्या कुठल्या वाडीतून नेलं आणि सोडून निघून गेला. माळाच्या कडेला शेंदूर फासलेली शिळा होती. लढाईत पडलेल्यांची म्हणून गाव तिला मानतं. पुढ्यात पिवळे बूट, जोडीने, मोजे आत खोचलेले. मंदिराबाहेर ठेवतात तसे, अगदी नीट. विसरणारा माणूस इतकं नीट ठेवतो का? ठेवतही असेल.

भाऊंनी हात जोडले आणि आमच्यासमोर पुन्हा गार्‍हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या माळार पडलेल्या वीरांनो! डोक्यात कधी कधी धुका येता ता खरा. खोटा कशाक बोलू? पण पाय अजून माझे आसत. माझ्या चेडवाच्या मनातला भय काढ, आणि माका घराकडची वाट दाखवीत रव, रे म्हाराजा!"

गार्‍हाण्याला मागच्यांनी होकार द्यायचा असतो, नाहीतर ते अर्धंच राहतं. मी घाटावरची, माझा होकार कोण मोजतंय? भाऊ डोळे मिटून थांबले होते. श्रुतिका शिळेकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "व्हय म्हाराजा."

भाऊंनी बसून बूट घातले, नाड्या बांधल्या आणि विचारलं, "जावया?"

"तुम्ही पुढे व्हा, बाबा," ती म्हणाली. "आम्ही मागून येतो."

ते निघाले. आम्ही वीसेक पावलं मागे. पुढे रस्त्याला दोन फाटे फुटत होते. तिथे भाऊ थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. श्रुतिकाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही. भाऊ डावीकडे वळले.

डावीकडची वाट बरोबर होती का, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. आम्ही त्यांच्या मागे गेलो.