शंभराला नव्वद

याकोबमामांनी मला सावरलं. हे आधी लिहितो, कारण ते गेले ही गोष्ट त्यानंतरची आहे. नागापूरच्या एमआयडीसीत आम्ही दोघं शेजारशेजारच्या लेथवर सहा वर्षं उभे होतो. ते श्रीगोंद्याकडचे, साठीला टेकलेले. मी वाशीम जिल्ह्यातला, नववीत शाळा सोडून इकडं आलेला. नात्यानं ते माझे कोणी नव्हते. पाच आठवड्यांपूर्वी त्यांची सुट्टी होती आणि मी सकाळच्या पाळीत होतो, तेव्हा मामींचा फोन आला. मामी कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत, म्हणून मशीन बंद करूनच मी तो उचलला. "अरं, तुझं मामा उठंनात," एवढंच त्या बोलल्या. दफनाच्या वेळी सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. आमच्याकडं दहन असतं. माती किती घ्यायची, कशी टाकायची, मला काही ठाऊक नव्हतं. एकच मूठ घेतली आणि ती सोडायला मी फार वेळ लावला.

माझा स्वभाव पहिल्यापासून घाबरट. मशीनचा आवाज जरा बदलला तरी मी मागं सरायचो. मामा म्हणायचे, "मशीन तुला खात न्हाई, तूच उपाशी हायस. चल, डबा उघड." मामींच्या हातची लसणाची चटणी ते माझ्या भाकरीवर न विचारता ठेवायचे. गावाकडं फोन केल्यावर माझा चेहरा पडला की त्यांना बरोबर कळायचं. मग ते मुद्दाम माझ्या बोलण्याची नक्कल करायचे, "मले सांग, तुले काय झालं?" आणि मला हसू यायचं. पण एवढ्या घाबरट माणसाला एका गोष्टीची भीती वाटली नाही, ती म्हणजे क्रिकेटवरच्या सट्ट्याची. लहानपणापासून सामने बघत आलो होतो, कोण जिंकणार ते मला कळतं अशी माझी खात्री होती. टपरीवर एक जण पैसे घ्यायचा. दोन्ही संघ तोडीस तोड असले की त्याचा भाव ठरलेला: शंभर लावा, जिंकलात तर वर नव्वद, हरलात तर शंभर गेले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दहा रुपयांनी काय होतं!

दोन महिन्यांत मी एकवीस वेळा पाचशे-पाचशे लावले. अकरा वेळा जिंकलो, दहा वेळा हरलो. म्हणजे एक पैज वर. तरी शेवटी तो माणूस म्हणाला, पन्नास रुपये तूच देणं लागतोस. मी भांडलो. त्यानं फसवलं याबद्दल मनात जराही शंका नव्हती. जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन मामांकडं गेलो.

"मामा, त्यानं फसवलं मले. पाचशे यायला पायजेत."

मामांनी चष्मा वर सारून आकडे दोनदा पाहिले. "अकरा येळा साडेचारशे आलं. किती झालं?"

"चार हजार नऊशे पन्नास."

"धा येळा पाचशे गेलं. पाच हजार. पन्नास तूच द्यायचं. हिशेब बरोबर हाय त्याचा."

"म्हणजे फसवलं नाही?"

"न्हाई ना. फसवलं आसतं तर लई बरं झालं आसतं. मानूस बदलला की भागलं आसतं. हितं मानूस सरळ हाय, भावच वाकडा हाय."

मी नेमकं तेच ठरवून आलो होतो... माणूस बदलायचा. शहरातला दुसरा एक जण चोख आहे असं कळलं होतं. अंतिम सामना दोन दिवसांवर आला होता आणि माझ्याकडं मंदाच्या, माझ्या बहिणीच्या, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी जमलेली होती. दीड वर्षाचा ओव्हरटाइम होता तो. घरात दहावीच्या पुढं गेलेली ती एकटीच. ती फी एकदाच लावायची, जिंकून वसतिगृहाचेही पैसे काढायचे, असा माझा बेत. मामांना मी त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी भंगारातला एक गज उचलला, माझ्या लेथवर बांधला आणि म्हणाले, "कट घे." मी घेतला. लोखंडाची कुरळी साल निघाली. "आता उलटा बांध. घे कट." पुन्हा साल. "ह्या बाजूनं बांध न्हाईतर त्या बाजूनं, हत्यार लागलं की साल निघनारच. गज कसा बांधलाय, त्याच्याशी हत्याराला काय?" मग खाली बघत म्हणाले, "म्या बुकीकडं धा-बारा वर्सं पैजा लिहून घेतल्यात. पुनतांब्याचा माझा सख्खा मेव्हनाबी माझ्याकडंच लावायचा. एकानं ह्या संघावर शंभर, दुसऱ्यानं त्या संघावर शंभर. एकाचं शंभर घ्यायचं, दुसऱ्याला नव्वद द्यायचं. धा आमचं. आमी सामना बघायचोच न्हाई रं. कोन जिंकतंय त्याचं आमाला काय?" गज सोडवताना म्हणाले, "मेव्हना आजून बोलत न्हाई माझ्याशी."

मी वही मिटली. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "कुनाचं पैसं हायेत खिशात?"

मला खोटं बोलता आलं नाही. मामांनी तिथंच, तेलकट हातानं, मोबाईल माझ्यापुढं धरला. "मंदीला लाव फोन. कालेजाचा खाता नंबर घे." ती फी माझ्या खात्यातून जाईपर्यंत ते शेजारून हलले नाहीत. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी हलले नाहीत, मुकादम ओरडला तरी नाही.

दोन दिवसांनी मी ज्या संघावर लावणार होतो तोच संघ जिंकला.

आजही लिहिताना लाज वाटते, पण मी चार दिवस मामांशी बोललो नाही. माझ्या डब्यात चटणी पडत राहिली आणि मी ती न बोलता खात राहिलो. पाचव्या दिवशी तेच म्हणाले, "जिंकला आसतास तर हुशार झालास आसं वाटलं आसतं तुला. मग कुनाचंच ऐकलं नसतंस." तेव्हाही मला पटलं नाही. पटलं ते पुढं, हळूहळू, जेव्हा टपरीवरचे माझ्यापेक्षा हुशार लोक एकेक करून मोटारसायकली विकताना पाहिले.

पुढं रविवारी सामना असला की मी त्यांच्या घरी जायचो. धंदा सोडल्यावर त्यांना खरा सामना बघायला मिळाला, असं ते म्हणायचे. कोणीही चौकार मारला तरी टाळी वाजवायचे. मामी चिडायच्या, "आवो, आपलं कोन ते तरी ठरवा!" त्यावर मामांचं उत्तर, "दोन्ही आपलंच. आता काय वाटनी करायचीय?"

गेल्या रविवारी गेलो होतो. मामींनी टीव्ही लावून ठेवला होता. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण घरात तो आवाज हवा असतो. भिंतीला टेकलेली मामांची जागा रिकामी सोडून आम्ही बसलो. त्यांच्या सवयीनं मी एका चौकाराला टाळी वाजवली, तशा मामी डोळ्याला पदर लावून हसल्या.

मंदाचं शेवटचं वर्ष चालू आहे. याकोबमामा, तुम्ही बरोबर होता हे तुमच्या तोंडावर मी कधी म्हणालो नाही. ती नोकरीला लागली की तिला गणवेशात घेऊन मी आधी तुमच्या घरी येईन, मग गावाकडं जाईन. मामींचं दुखणंखुपणं तेव्हापासून आम्हा दोघांचं. तुमचं देणं मी फेडीन, मामा. वेळ लागेल, पण फेडीन.