रत्नमाला हाक्याला जाते

हिवाळा लागला, तुरीला शेंगा धरल्या, की मानोऱ्याकडच्या त्या गावात हाक्याची बोलणी सुरू होतात. रानडुकरं दिवसा नाल्यातल्या झुडपांत दडून बसतात. एका अंगानं माणसं डबे बडवत, आरोळ्या देत आत शिरतात आणि दुसऱ्या अंगाला बंदूकवाला दबा धरून बसतो. गावात लायसनची बंदूक एकच, जानरावांची. मोठे शेतकरी, सगळे त्यांना काकाजी म्हणत. डुकरं मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, पण तिच्यासाठी खेटे कोण घालणार, म्हणून ती कधी कोणी काढली नव्हती.

अशाच एका हाक्यात रत्नमालेचा धाकटा भाऊ उत्कर्ष गेला.

डबा वाजवत तो झुडपाबाहेर आला आणि छर्रे त्याच्या मांडीत घुसले. लोकांनी जखमेत हळद भरली, वरून दुपट्टा गुंडाळला आणि त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं. ट्रॅक्टर निघाला, पण गावाबाहेरच्या निंबाखाली थांबला. दवाखान्यात काय सांगायचं, यावर माणसांचं एकमत होईना. बंदूक म्हटलं तर पोलीस येणार, लायसन जाणार. शेवटी वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, लागलं असं सांगायचं ठरलं. तोवर ट्रॉलीच्या फटींतून रक्त मातीत गळत होतं. रत्नमाला धावत पोचली तेव्हा भावाचे ओठ पांढरेफटक पडले होते. मानोऱ्याचा दवाखाना काही त्याला दिसला नाही.

कागदावर वखर आलं. बापानं सही केली, कारण त्यांचं सगळं शेत जानरावांच्या विहिरीवर भिजायचं. रत्नमालेनं मयतीला आलेल्या चार माणसांत सांगितलं की माझ्या भावाला बंदूक लागली. लोक म्हणाले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

ती शिवणकाम करायची. नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी आली तेव्हापासून मशीनच तिचं पोट भरत होती. भाऊ गेल्यावर महिनाभर तिनं मशीनला हात लावला नाही. मग एका सकाळी साडीचा पदर खोचून ती शेजारच्या गावी उकंडरावांकडे गेली. उकंडराव फौजेतून निवृत्त झालेले. तिथं त्यांनी जखमी जवानांना सांभाळायचं काम केलं होतं. आता कोंबड्या पाळत आणि कोणाशी फारसं बोलत नसत.

जयभीम घालून ती ओसरीवर बसली आणि सरळ विचारलं, "काका, मांडीत छर्रे लागले तं माणूस वाचते का?"

उकंडरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा भाऊ कसा गेला हे आजूबाजूच्या गावांत सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं.

"वाचते," ते म्हणाले. "सगळे नाई वाचत. पण रक्त जाग्यावरच थांबवलं तं लय जण वाचतात."

"मले शिकवा."

"शिकून काय करशीन? गेला तो गेला."

"हाका बंद नाई होणार, काका. डुकरं माह्याही तुरी खातात. पुढचा माणूस मरू द्याचा नाई."

उकंडरावांनी शिकवलं, पण गोडीनं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, हळद, चहापत्ती, राख, सगळं घरी ठेव. आत अडकलेला छर्रा उकरायचा नाही, ते डॉक्टरचं काम. आपलं काम दाबणं. जखम खोल असली तर जाळीची पट्टी बोटानं आत, जिथून रक्त येतं तिथवर कोंबायची आणि दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून दाबून धरायचं. माणूस ओरडला तरी सोडायचं नाही. हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल, तर जखमेच्या वर पट्टा आवळायचा आणि आवळल्याची वेळ त्याच्यावर लिहायची. छातीत लागलं तर भोकावर प्लास्टिक, तीन बाजूंनी चिकटपट्टी, चौथी बाजू हवा निघायला मोकळी. त्यांनी तिला पपईत भोकं पाडून पट्टी कोंबायला लावली.

पट्टा तिनं घरीच शिवला. बाजेची जाड नवार, तिला दुहेरी शिवण, पिळायला लोखंडी कांडी. उकंडरावांनी तो स्वतःच्या मांडीवर आवळून घेतला, पायाच्या नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नाडी चालूच आहे. म्हंजे तुह्या पट्ट्यानं माणूस मेला." तिनं शिवण उसवली. पुन्हा शिवली. तेही जमलं नाही, तेव्हा उकंडरावांनी एका जुन्या सोबत्याला फोन करून फौजेत वापरतात तसा खरा पट्टा मागवून दिला. मग तो बांधायचा सराव सुरू झाला, उजव्या हातानं, डाव्या हातानं, डोळे मिटून, चालत्या बैलगाडीत बसून.

पिशवी मात्र तिची स्वतःची. जुन्या ताडपत्रीची, पाठीवर घ्यायची, आत कप्पे असे की हात घातला की हवं ते लागावं. गावानं तिला नाव ठेवलं, मढ्याची पिशवी. शिकारीला निघताना समोर अशी पिशवी आली तर अपशकुन, असं बाया कुजबुजू लागल्या. काहींनी ब्लाऊज शिवायला टाकणं बंद केलं.

पुढच्या हाक्याला रत्नमाला पाठीवर पिशवी अडकवून नाल्यावर हजर झाली.

"तू काहून आली?" जानरावांनी विचारलं.

"तुमी ज्याच्यासाठी आले, त्याच्यासाठीच. तुरी माह्याही आहेत."

"बाईमाणसाचं काम नाई हे. घरी जाय."

"नाला सरकारी आहे, काकाजी. मी बांधावर उभी राह्यतो."

जानराव तिच्या बापाकडे गेले. बापानं तिला विनवलं, विहिरीची आठवण दिली. ती म्हणाली, "बाबा, पाणी तोडलं तं तोडू द्या. मी कोरडवाहू पेरतो. पण आता घरी नाई बसत." त्या हंगामात ती प्रत्येक हाक्याला गेली. कोणी तिच्याशी बोलायचं नाही. ती बंदुकीच्या मागच्या बाजूला, बाभळीच्या आडोशानं उभी राहायची आणि मोकळ्या हातांनी परत यायची. लोक हसायचे. ती म्हणायची, "मोकळी आली हे चांगलंच झालं."

दुसऱ्या वर्षी बंदूक जानरावांच्या पुतण्याच्या, हरीओमच्या हातात होती. सकाळची वेळ. डुकरांचा कळप झुडपातून फुटला, हरीओमनं नळी फिरवली आणि बार झाला. मग एक माणूस ओरडला. लखन. हाक्याला गेला नाही तर जानरावांच्या शेतात मजुरी मिळत नाही, म्हणून आलेला.

रत्नमाला पोचली तेव्हा लखन मांडी धरून लोळत होता आणि रक्त उसळ्या मारत येत होतं. एकानं खिशातून हळदीची पुडी काढली. तिनं त्याचा हात झटकला. "सरका. पाय धरा याचा." पट्टा मांडीच्या वरच्या अंगाला चढला, कांडी फिरली, अजून एकदा फिरली. लखन किंचाळला, आईवरून शिव्या दिल्या. "दे शिव्या," ती म्हणाली, "जेवढ्या येतात तेवढ्या दे." उसळी थांबली. तिनं जखमेत पट्टी कोंबली, वरून गुडघा रोवला आणि पेननं पट्ट्यावर वेळ लिहिली.

लखनला जानरावांच्या गाडीत घातलं. तीही चढली. निंबापाशी गाडी हळू झाली.

जानराव पुढच्या सीटवरून वळले. चेहरा उतरला होता. "रत्ना, आयक. दवाखान्यात सांगाचं, वखराची पास लागली. लखनचा सगळा खर्च मी करतो. पोराचं आयुष्य नासून जाईन."

"गाडी चालवा."

"आधी हो म्हण."

"काकाजी, याच झाडाखाली तुमी माह्या भावाले मारलं. बंदुकीनं नाई, इथी थांबून मारलं. आता गाडी चालवा, नाईतर मी उतरून रस्त्यावर आडवी पडतो."

गाडी हाकत होता तो हरीओमच. तो काकाकडे न बघता गियर टाकून निघाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं. जानराव पुढे झाले, पण रत्नमालेचा आवाज आधी आला. "बंदुकीचे छर्रे. पट्टा कधी आवळला ते त्याच्यावर लिहेल आहे." डॉक्टरांनी एकदा पट्ट्याकडे, एकदा जानरावांकडे पाहिलं, सलाईन लावलं आणि लखनला लगेच अकोल्याला पाठवलं. सोबतच पोलिसांनाही कळवलं.

लखन वाचला. रक्तवाहिनी शिवली, पाय राहिला, चालताना थोडा ओढतो. बंदूक जप्त झाली आणि हरीओमवर केस लागली. जबाब द्यायला रत्नमाला ठाण्यात गेली तेव्हा लखनचं सांगून झाल्यावर ती उठली नाही. "आता माह्या भावाचं लिहा." हवालदार म्हणाला, ते प्रकरण मिटलं आहे. ती म्हणाली, "तुमचं मिटलं." त्यानं लिहून घेतलं. त्यातून पुढे काही निघालं नाही, आणि निघेल असं तिलाही वाटत नव्हतं. पण भावाला बंदूक लागली हे वाक्य सरकारी कागदावर आलं, त्याखाली तिनं ठसठशीत सही केली.

जानरावांनी पाणी तोडलं. त्या वर्षी पुन्हा हाका झाला नाही आणि डुकरांनी बऱ्याच तुरी लोळवल्या. लोकांनी त्याचाही दोष तिलाच दिला. लखनची बायको निकिता मात्र भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तिच्याकडे ब्लाऊजचं कापड घेऊन आली आणि बसली. म्हणाली, "तो पट्टा मलेही बांधून दाखव." हळूहळू आणखी दोघी येऊ लागल्या. मशीनशेजारी पपया कापल्या जाऊ लागल्या.

यंदा तुरी भरल्यावर पलीकडच्या बंजारा तांड्यावरचे बाबूसिंग मोटारसायकलवर आले. त्यांच्याकडे हाका होता, या वेळी परवानगी काढलेली. म्हणाले, "ताई, पिशवी घेऊन येता काय?"

"येतो. पण कोणाले लागलं तं दवाखान्यात खरं सांगीन. तुमचा माणूस असो का कोण्या पाटलाचा."

बाबूसिंग दाढी खाजवत राहिले. "तांड्यात विचारून सांगतो."

"विचारा," रत्नमाला दोरा ओवत म्हणाली. "ते नाई म्हणाले तरी मी येतोच."