डाव्या हाताची बंदूक

मी डावरी. आमच्याकडं हा शब्द उच्चारताना लोक तोंड जरा वाकडं करतात. आईनं माझा डावा हात ताळ्यावर आणायला काय करायचं बाकी ठेवलं? जेवताना तो चिंधीनं बांधला, हळदीकुंकवात पुढं आला की चापट मारली, अणदूरच्या खंडोबाला नवससुद्धा बोलली. मी उजव्या हातानं जेवायला शिकले, वाण द्यायला शिकले, आईचं समाधान झालं. पण ज्वारीवरची पाखरं हाकायला मळ्यात गेले की गोफण आपसूक डाव्या हातात यायची. तिथं आई नसायची, आबा असायचे, आणि ते नेम बघून खूश व्हायचे.

आबा, माझे वडील, गावचे पाटील. गाव अणदूरच्या शिवेला लागून, निजामाच्या राज्यातलं. आमच्या गावात दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी शिवेवरच्या बाभळीला नारळ टांगतात. पाटलानं तीन गोळ्यांत तो फोडायचा, नारळाचं पाणी मातीत पडलं की मगच आपट्याच्या पानांना हात लावायचा. आबांचा नारळ वर्षानुवर्षं पहिल्या गोळीत फुटत आला होता. मग एका पावसाळ्यात बैलगाडी उलटली आणि त्यांचा उजवा कोपर मोडला. हाडवैद्यानं बांधला, हाड जुळलं, पण हात काठीसारखा ताठ झाला तो झालाच.

त्या दसऱ्याला नारळ चुलत्यांनी फोडला. आबा बाजूला उभे राहून हसत होते. घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत. त्या दिवसांत ते डाव्या हातानं जेवायला लागले होते, दुसरा इलाजच नव्हता. आई त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही, फक्त त्यांना पंगतीत बसू न देता आत वाढायची.

दुसऱ्या वर्षी दसरा जवळ आला तशी मी सासरहून माहेरपणाला आले. चुलते आबांना म्हणाले, "दादा, यंदापासनं तुम्ही निवांत खुर्चीवर बसा. नारळाचं मी बघतो की." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण आबांचा चेहरा उतरला. एकदा मान दुसऱ्याकडं गेला की तो परत कोण आणून देतो? मला इतका राग आला की मी भाकरी थापायची सोडून बाहेर आले.

"आबा, डाव्या हातानं मारा की."

"पोरी, बंदुकीत काडतूस बदलायचा खटका उजवीकडं असतोय. हर गोळीला डावा हात वरनं पलीकडं न्यायचा, मंग पुन्हा नेम धरायचा. म्या करून बघितलं, जमत न्हाय."

डावऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. विळी, कात्री, जात्याचा खुंटा, सगळं जग उजव्यांनी आपल्या सोयीनं मांडलेलं असतं. मी म्हणाले, "मग खटका नसलेली बघू."

आईनं आकांत मांडला. लग्न झालेली पोर बंदुकीच्या दुकानात! सासरी कळलं तर? आबा शांतपणे म्हणाले, "डावी माणसं कशी वागत्यात ते मला काय ठावं? ती पायजेच."

आम्ही धाराशिवला निघालो. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. तुळजापूरच्या घाटात तिनं हाय खाल्ली, सगळ्यांनी उतरून ढकलली. आबा ताठ हातानं मागून रेटत होते आणि ओरडत होते, "बघ, ह्या हाताचा उपेग हाय अजून!" त्यांना इतकं खुशीत मी वर्षभर पाहिलं नव्हतं.

कचेरीजवळ एका म्हाताऱ्या खाँसाहेबांचं बंदुकांचं दुकान होतं. आबांची आणि त्यांची जुनी ओळख. आबांनी हात दाखवला, अडचण सांगितली. खाँसाहेबांनी दाढी कुरवाळली आणि दोन बंदुका टेबलावर ठेवल्या, दोन्ही बावीस नंबरच्या. "मोठी नक्को, पाटील. डावा खांदा नवाय, धक्का सोसायचा न्हाय. नारळाला ही बास." दोन्हींना खटका नव्हता. घोड्याभोवतीच खाली एक लांबट कडी होती, बोटं आत घालून ती खाली ढकलायची आणि वर ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत. कडी अगदी मधोमध. उजव्याला जितकी सोयीची तितकीच डाव्याला. असं काही जगात आहे हे पाहून मला खरंच भरून आलं.

पहिली चकचकीत होती, बाजूला हरणं कोरलेली. आबांचा जीव तिच्यावर जडला. मी म्हणाले, आधी मारून बघू. दुकानामागं मातीच्या ढिगावर एक मडकं ठेवलं. मी ती डाव्या खांद्याला लावली, गोळी मारली, कडी ओढली, आणि उजवीकडून उडालेलं गरम काडतूस माझ्या हनुवटीला चाटून थेट चोळीत शिरलं. मी जे ओरडले ते खाँसाहेबांसमोर ओरडायचं नव्हतं. आबा भिंतीला टेकून हसत राहिले.

"नेम धरायचा का चोळी झटकायची?" मी म्हणाले. "ही नको. शिवाय कडी खुळखुळतीय, ऐका."

दुसरी जुनी, साधी, काळपट. पण लाकूड आणि लोखंड जिथं भेटत होतं तिथं नख फिरवलं तर सांधा लागत नव्हता. कडी ओढली की एकच आवाज यायचा, चांगल्या पेटीचं कुलूप लागावं तसा. रिकामं काडतूस सरळ वर उडायचं, ना उजवीकडं ना डावीकडं. वर एक लहानसं सरकतं झाकण होतं, धूळ आत जाऊ नये म्हणून. मी डोळे मिटून कडी ओढली, पुन्हा ओढली. आबांच्या हातात दिली. त्यांचा ताठ उजवा हात पुढून आधाराला बरोबर बसला, डावी बोटं कडीत गेली.

"हीच," ते म्हणाले.

परवान्यावर आबांच्या आधीच्या बंदुकीच्या जागी ही चढवून आम्ही घरी आलो. मग रोज सकाळी मळ्यात शाळा भरली. काडतुसं मोजकी, म्हणून नुसताच नेम. आबा सवयीनं डावा डोळा मिटायचे आणि उजव्यानं बघायचे. "दुसरा, आबा, दुसरा डोळा!" मी ओरडायची. पाटलावर ओरडायला मिळतंय, मी कशाला सोडते?

खंडेनवमीला बंदूक पाटावर मांडली. मी सगळ्यांना बजावलं, झाकण उघडू नका. दसऱ्याला शिवेवर गाव जमला. आबांनी कडी ओढली, ती कर्र वाजली आणि आतून पिवळी धूळ उडाली. आईनं झाकण सरकवून खंडोबाचा भंडारा आत ओतला होता! आबांनी तिच्याकडं बघितलं.

"गोळी आत बसती, मंग भंडारा भाईर लावून काय उपेग?" आई म्हणाली.

मला रडू आलं. पण आबांनी कडी पुन्हा ओढली. कुरकुरली, आणि चालली. ती हरणांची असती तर तिथंच अडकून बसली असती.

पहिली गोळी गेली कुठं कळलं नाही. दुसरीनं नारळ नुसता हलला. आबांचं नाक, मिशा, सगळं पिवळं झालेलं. चुलत्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं.

"आबा, डोळा!" मी सगळ्या गावासमोर ओरडले.

त्यांनी डोळा बदलला. तिसरी गोळी सुटली. नारळ फुटला नाही, पडला नाही, लोक एकमेकांकडं बघू लागले. आणि मग एका बारीक भोकातून पाण्याची धार लागून खालची माती भिजली. चुलते पळत जाऊन धारेखाली ओंजळ धरून उभे राहिले. एकच गलका झाला. आबांना कुणी खांद्यावर घेतलं तेसुद्धा दिसलं नाही.

घरी आल्यावर आबा आल्यागेल्याला डाव्या हातानंच सोनं देत होते आणि सगळे दोन्ही हात पुढं करून घेत होते. हात मोडल्यापासून पहिल्यांदाच आईनं त्यांचा पाट पंगतीत मांडला. मग आपट्याची पानं घेऊन माझ्याकडं आली. मी सवयीनं उजवा हात पुढं केला.

"त्यो न्हाय," आई म्हणाली, "दुसरा."

आणि तिनं सोनं माझ्या डाव्या तळव्यावर ठेवलं.