लेडी ऑगस्टाच्या नावाची धून

एनियस कॅटनाक विणकर म्हणून यथातथाच होता. त्याच्या मागावरचं कापड एका काठाला घट्ट आणि दुसऱ्या काठाला सैल यायचं. कोणी तक्रार केली की म्हणायचा, "वारा ज्या बाजूने येतो ती बाजू घट्ट विणलीय." पण हाच माणूस हनुवटीखाली फिडल धरायचा तेव्हा आमच्या ग्लेन फर्नाग खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांतला वातसुद्धा पळायचा.

त्याचं मार्सलीशी लग्न ठरलं तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. लहानपणी पीटच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, गाडीवरून पडल्यामुळे तिचा डावा पाय आखूड राहिला होता. पायाची कसर तिने जिभेने भरून काढली होती, त्यामुळे तिच्या वाटेला जायची कोणाची छाती नव्हती. आमच्याकडे नवरीने पहिला नाच नाचल्याशिवाय लग्न पुरतं झालं असं कोणी मानत नाही. मार्सलीने त्याला स्पष्ट सांगितलं, "लग्न करीन, पण कोठारात सगळ्या गावापुढे लंगडी घालणार नाही."

एनियसने वाद घातला नाही. तो हिवाळाभर तिच्या मागे मागे चालत राहिला, ओढ्यापर्यंत, गोठ्यापर्यंत, चर्चपर्यंत. लोक म्हणाले, प्रेमात वेडा झालाय. तेही होतंच, पण तो तिची पावलं मोजत होता. डावं पाऊल तोकडं, उजवं लांब. आमच्या नाचांत आखूड-लांब सुरांचा झटका असतोच, पण त्याने नवी धून अशी बेतली की आखूड सूर बरोबर तिच्या डाव्या पायाखाली यावा आणि लांब सूर उजव्या. लग्नात मार्सली या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचली. धडधाकट पायांच्या पोरी मात्र त्या धुनेवर अडखळत होत्या. सगळे त्या धुनेला 'मार्सली' म्हणू लागले.

लग्नाच्या चौथ्या वर्षी जमीनदाराने खोऱ्यात मेंढ्या सोडायचं ठरवलं. मेंढ्यांना कुरण हवं, म्हणून माणसांची घरं पाडायची. कारभाऱ्याच्या यादीत एनियसचं घर होतं आणि घरात त्यांची चार महिन्यांची मुलगी इशबेल होती. त्याच आठवड्यात वाड्यावर पाहुणे आले आणि एनियसला फिडल घेऊन बोलावणं आलं. त्याने सगळ्या धुना वाजवल्या, शेवटी 'मार्सली'ही वाजवली. जमीनदाराची बायको लेडी ऑगस्टा खूश झाली. "फार गोड आहे ही! हिचं नाव काय?"

दाराशी कारभारी उभा होता. एनियसने त्याच्याकडे पाहिलं आणि वाकून म्हणाला, "आपल्याच नावाची आहे, बाईसाहेब."

दुसऱ्या दिवशी यादीतून त्याचं घर उडालं. वर्षभरात धून पुस्तकात छापून आली, वर ठसठशीत अक्षरांत 'लेडी ऑगस्टा'. धुनेला दिलेलं नाव बाप्तिस्म्यासारखं असतं, ते बदलत नाही. एनियसने मान खाली घालून घरी सगळं सांगितलं. मार्सली म्हणाली, "छप्पर राहिलं ना? मग झालं." आणि ती गाईची धार काढायला गेली.

एनियसला तेवढं एकच वाक्य जन्माची बोच म्हणून पुरलं. त्याने ती धून पुन्हा वाजवली नाही. कोणी मागितलीच तर म्हणायचा, तार सैल आहे. बाकीचे फिडलवाले पुस्तकातून वाजवायचे, पण अशा घाईने की मार्सलीचं उजवं पाऊल टेकायच्या आत सूर पुढे पळालेला असायचा. मग ती बाकावर बसायची आणि नाचणाऱ्यांच्या शाली सांभाळायची. अशी बावीस वर्षं गेली.

इशबेलच्या लग्नात कोठार भरलं होतं. ओटच्या भाकऱ्या संपत आल्या होत्या, व्हिस्की संपत नव्हती. म्हातारा कारभारीही मानाच्या खुर्चीवर बसला होता. मार्सली शालींचा ढीग बाजूला सारून उठली.

"एनियस, लेडी ऑगस्टाची धून वाजव."

एनियस सवयीने म्हणाला, "तार सैल आहे."

"बावीस वर्षं? मग पिळ की तिचा कान!"

एनियस उठून उभा राहिला. "ही धून लेडी ऑगस्टाची नाही," तो म्हणाला. "मी तुझं नाव विकलं, मार्सली. आज सगळ्यांसमोर सांगतो..."

"गप्प बस!" मार्सली कारभाऱ्याकडे वळली. "साहेब, लक्ष देऊ नका. चढलीय त्याला." मग ती नवऱ्याजवळ गेली. आवाज खाली आणायचा तिने प्रयत्न केला, पण ते तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. "अरे मेल्या, तू विचारलं असतंस तर नाव मीच दिलं असतं. त्या छपराखाली पोर होतं आपलं. नावासाठी मी कधी रडले का? तू वाजवायचं सोडलंस, त्यासाठी रडले. तू आपली लाज कुरवाळत बसलास आणि मला बाकावर बसवलंस. मला नाचता येईल अशी जगात एकच धून आहे, आणि ती नीट वाजवणारा एकच गाढव."

माणसाने बावीस वर्षं प्रायश्चित्त घ्यावं आणि ते भलत्याच पापाचं निघावं, याहून वाईट काय असतं? एनियसने डोळे बाहीला पुसले आणि फिडल उचलली. आता मार्सलीची कंबरही धरली होती, म्हणून त्याने लांब सूर आणखी जरा लांबवला. मार्सलीने जावयाचा हात धरला आणि पाऊल टाकलं.

धून संपली की ती बोटाने खूण करायची, आणि तो पुन्हा सुरू करायचा. सहाव्यांदा संपली तेव्हा ती खांबाला टेकली. चेहरा लालबुंद झाला होता, श्वास पुरत नव्हता. एनियस फिडलचा गज खाली ठेवू लागला.

"ठेवू नकोस," मार्सली म्हणाली. "जरा दम खाऊ दे. मग पुन्हा."