लाटण्याच्या पाचरा

करवत अडकली तेव्हाच इल्हामीने थांबायला हवं होतं. लाकडाच्या अंगावर भार असला की ते पातं असं आवळून धरतं, हे तराक्ली गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण इल्हामीला उस्ता, म्हणजे स्वतःच्या हिमतीवर काम घेणारा सुतार, होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते, आणि सहा दिवसांचा उस्ता कुणाचंच ऐकत नाही, लाकडाचं तर नाहीच. त्याने पात्याला चरबी फासली आणि भिंतीतला तो तिरका दांडा कापून मोकळा झाला.

दुरदाने आजींना खिडकी मोठी हवी होती. कंबर मोडल्यापासून त्यांचा पलंग माडीवर, रस्त्यावर पुढे आलेल्या खोलीत होता. गावाच्या बातम्या तिथूनच सुटत. दांडा खिडकीच्या आड येत होता. इल्हामीला वाटलं, कच्च्या विटा धरायला ठोकला असेल. पण अख्खा कोपरा त्याच्यावर तोललेला होता.

आधी घर कण्हलं. मग आजींच्या ताटलीतून एक अक्रोड जमिनीवर पडला आणि आपला आपणच रस्त्याच्या बाजूला घरंगळत निघाला.

"इल्हामी, अक्रोडाला आज बाजार करायचाय वाटतं?"

त्याने करवत टाकली. "आजी, हलू नका."

"दोन वर्षं हललेय कुठे मी, मेल्या!"

आजींना उचलून न्यावं, तर दोघांचं वजन त्याच कोपऱ्यावर पडणार. तो जिन्यावरून धडपडत खाली गेला, अंगणातला वासा ओढत आणला आणि बाहेरून कोपऱ्याखाली उभा केला. वर बोटभर फट राहिली. तिथे पाइनची पाचर ठोकली, ती पावासारखी चेपली. मानेवर माती झरू लागली.

समोरच्या दारात सानिये पोळ्या लाटत बसली होती. "काय उस्ता, घराला काठी दिलीस? म्हातारं झालं का?"

"सानियेताई, लाटणं द्या!"

"माझ्या आईचं आहे ते, हात नको ला—" तिने वर पाहिलं. खोली वाकलेली तिलाही दिसली. तिने पीठ झटकून लाटणं दिलं.

लोखंडासारखं टणक लाकूड. इल्हामीने घाईघाईने त्याच्या पाचरा कापल्या, काप तिरकाच गेला. पाचरीला तसाच लागतो म्हणून निभावलं. प्रत्येक घावाला वाटे, हा शेवटचा, आता आजी पलंगासकट डोक्यावर. तिसरी पाचर शिरली आणि कण्हणं थांबलं.

"आजी! अक्रोड?"

"थांबलाय. खाऊ का?"

नवा दांडा त्याने दोन दिवसांत बसवला. आजी पुढे अकरा वर्षांनी त्याच पलंगावर, लहानच राहिलेल्या खिडकीला शिव्या देत, म्हातारपणाने गेल्या. आज इल्हामी साठीला आलाय. कुठल्याही घरात आधी खिशातला अक्रोड जमिनीवर ठेवतो आणि श्वास रोखून बघत बसतो. गाव त्याला भित्रा उस्ता म्हणतं, पण घराचं काम त्यालाच सांगतं.

सानियेला त्याने चार लाटणी करून दिली. तिने चारही परत धाडली. "माझं आहे ना तिथे? ते काढून दे."

नव्या दांड्यानंतर वाशाची गरज नाही, हे इल्हामीला ठाऊक आहे. गेल्या वसंतात तो हातोडा घेऊन गेलाही. पाचरीला हलकेच एक टोला दिला. वर कुठेतरी कर्र झालं.

हातोडा पाठीमागे लपवून त्याने वळून पाहिलं. दारात सानिये काचेच्या बाटलीने पोळी लाटत होती.

"काय उस्ता?"

"उद्या," इल्हामी म्हणाला.