नागअळीची रेघ

“लोणच्याच्या बरणीत किडे पोसून राह्यली, अन् मलेच शेती शिकवतं?” शालिग्रामनं फवाऱ्याचा पंप ओट्यावर आदळला. “बाग गेली म्हंजे बरणी चाटत बस.”

कोकिळा दारातून हलली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हाच पंप पाठीवर असताना तिचा हा नवरा शेताच्या धुऱ्यावर ओकत पडला होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी महिनाभर फवारणीच्या औषधाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. अजून कोजागिरीही झाली नव्हती, आणि त्यानं मोताळ्याहून नवी बाटली आणली होती.

लिंबाच्या कोवळ्या पानात नागअळी शिरते, आतल्या आत चरत जाते, मागे चांदीसारखी वळणावळणाची रेघ उरते. रेघ दिसली की शालिग्राम पंप उचलायचा; गावात सगळे तेच करायचे. कोकिळा मात्र घट बसल्यापासून रोज पानं उन्हाकडे धरून रेघेचं टोक शोधत होती. अळी कोष करते ती दुमडलेली पानं बरणीत घालून तिनं वर फडकं बांधलं. त्या अळीचा पतंग, एकही पाकोळी निघाली नाही. अळी मरते, नाहीतर पाकोळी होऊन उडून जाते. रेघ मात्र पान गळेपर्यंत राहते. माणूस त्या रेघेलाच मारत बसला होता.

सासूचं, सोजराबाईंचं, वेगळंच. नागाचं नाव लागलेला जीव सुनेनं कोंडला, म्हणूनच पोराला भोवलं, असं त्या आल्यागेल्याला सांगत.

“पंप राहू द्या. आंधी पाहा तं खरं,” कोकिळा म्हणाली.

तो धुसफुसत तिच्यामागे बागेत आला, बाटलीची पिशवी हातातच. ती पान तोडी, उन्हाकडे धरी. रिकामं. दुसरं रिकामं. दोन ओळी झाल्या तसा तोही वाकून पानं पाहू लागला. तिसऱ्या ओळीत एका नव्या शेंड्यावर रेघेच्या टोकाशी पिवळा ठिपका हलला. तो पलीकडच्या झाडाशी वाकला होता. मूठ मिटली असती तर कुणाला कळलं नसतं.

“हे जिती हाय,” तिनं पान पुढे केलं.

“मंग? म्या काय सांगून राह्यलो होतो?” तो वळला, तरातरा घराकडे निघाला.

ती मागे गेली नाही. उरलेल्या ओळी तिनं एकटीनं पाहिल्या. जित्या अळ्या होत्या, पण नव्या शेंड्यांवरच, तेही थोड्या झाडांना. घरी आली तेव्हा शालिग्राम बाटलीचं झाकण फिरवत होता. तिनं बाटली काढून घेतली आणि पंपाचा पट्टा खांद्याला अडकवला. लेक प्रतीक्षा पुस्तक मिटून बाहेर आली.

“फवारा होनार नाही,” कोकिळा म्हणाली. “उद्या चहा झाला का चौघंबी बागेत. अळीचे शेंडे हातानं खुडाचे. आत्याबाई, तुमीबी. सैपाक दुपारी होईन.”